आमचा रोज कोण देणार?

आमच्याकडं बाईला खुरपायला सांगायला गेलं की ती आधी एकच विचारते, "रोज किती?" त्यात तिला लाज वाटत नाही अन् आपल्यालाही राग येत नाही. तीनशे म्हणलं तर येते, अडीचशे म्हणलं तर दुसऱ्याच्या रानात जाते. बाजारादिवशी पैसे हातावर ठेवावे लागतात. नाही ठेवले तर पुढच्या आठवड्यात तुमच्या बांधाला कुणी फिरकत नाही. चाळीस वर्षं शेती केली, पण बाईच्या गळ्यात हार घालून, हातात नारळ देऊन तिचा रोज बुडवणारा शेतकरी मी अजून बघितला नाही.

लेखकाचा रोज मात्र असाच बुडवतात. राजरोस, टाळ्या वाजवून, फोटो काढून.

मी हे ऐकीव सांगत नाही. दहावी शिकलेला माणूस मी. चार एकर कोरडवाहू, विहिरीखाली एक एकर, दोन म्हशी, आणि पंचवीस वर्षांत चार कादंबऱ्या. कादंबऱ्या बऱ्या चालल्या असं लोक म्हणतात. पत्रं येतात, फोन येतात, बोलावणी तर फारच येतात. घरात शाली किती आहेत ते मी मोजलं नाही, पण कारभारणीनं मोजलंय. एकशे सहा. त्यातल्या चार-पाच धुतल्यावर शिल्लक राहिल्या. बाकीच्यांचा रंग पहिल्या पाण्यात गेला. मागच्या पुसात म्हैस व्याली तेव्हा रेडकाला दोन शाली पांघरल्या. सत्काराचा तेवढाच उपयोग झालेला मला आठवतो.

आता माझा दिवस सांगतो. लोकांना वाटतं, कादंबरीकार म्हणजे खिडकीपाशी बसलेला, चहा पीत आभाळाकडं बघणारा माणूस. मी आभाळाकडं बघतो, पण ते दुसऱ्या कामासाठी. पहाटे चारला उठायचं, जनावरांपुढं वैरण टाकायची आणि ओसरीवर दोनशे पानी वही घेऊन बसायचं. सहापर्यंत दोन पानं झाली तर दिवस सोन्याचा. सहाला म्हैस ओरडायला लागते. तिला प्रकरण अर्धं राहिलंय हे सांगून उपयोग नसतो. मग धार, शेणकूर, डेअरीला दूध, आठला रानात. कोळपं हाणताना एखाद्या पात्राच्या तोंडचं बोलणं सुचतं आणि तास संपून वळेपर्यंत विसरून जातं. म्हणून मी खिशात बॉलपेन ठेवतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीची निम्मी टिपणं खताच्या पावत्यांच्या पाठीमागं आहेत. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर आमची लाईट रात्री. स्प्रिंकलरचे पाईप बदलायचे आणि मधल्या वेळात आखाड्यावर बॅटरी लावून लिहायचं. वही भरली की तालुक्याला नेऊन टाईप करून घ्यायची. पानाला तीस रुपये. नातवानं मोबाईलवर बोलून लिहायचं शिकवलं होतं, पण मी 'बनीम' म्हणलं की तो 'बेनाम' लिहितो. सोयाबीनच्या ढिगाला आम्ही बनीम म्हणतो हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

एवढ्यात दिवाळी अंकाचा फोन येतो. दिवाळी अंकाबद्दल माझ्या मनात आदर आहे, तो आधी सांगून टाकतो. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीनं ही रीत सांभाळली. माझ्यासारख्याचं पहिलं लिखाण अशाच एका अंकात छापून आलं. पण ह्या अंकांचं पंचांग शहरात बसून केलेलं आहे. मे-जूनला पत्र येतं, जुलैअखेर नाहीतर फार तर 15 ऑगस्टपर्यंत मजकूर पाहिजे. बाहेर पाऊस, आत लिहीत बसलेला माणूस, असा तो हिशेब. आमच्याकडं तेव्हा काय असतं? मृगाची पेरणी झालेली, कोळपणी चालू, खुरपणीला बाया मिळत नाहीत, वाफसा आला की दोन दिवसांत पाळी घालायची, नाहीतर तण पिकाच्या वर. संपादक विचारतो, "दादा, कथा कुठवर आली?" मी सांगतो, "गुडघ्याला आली." तो हसतो. त्याला वाटतं गावाकडचा विनोद आहे. मी तणाचं सांगत असतो.

तरीही मी कथा देतो. वेळेत देतो. ज्यानं पेरणीची वेळ कधी चुकवली नाही त्याला दुसरी वेळ चुकवायलाही जमत नाही. अंक दिवाळीला निघतो. त्याचा मोबदला होळीपर्यंत येतो, कधी येतच नाही. आठवण केली तर उत्तर ठरलेलं, "अहो, जाहिराती नाहीत. कागद महागला. तुमचं काय, तुमची शेती आहे की!"

हे 'तुमचं काय' मी दोन्हीकडून ऐकतो. शहरातले म्हणतात, तुमची शेती आहे, पैसा काय करता. गावात नुकसानीच्या यादीत नाव लिहायला गेलो की चावडीवरचे म्हणतात, तुमचं काय, तुमची पुस्तकं खपतात, पेपरात फोटो येतो. शेतीचा तोटा पुस्तकानं भरायचा आणि पुस्तकाचा तोटा शेतीनं. दोन आंधळे एकमेकांचा हात धरून निघालेत आणि बघणारे म्हणतात, काय छान जोडी आहे.

पुस्तकाचा हिशेब एकदा उघड्यावर मांडू. माझ्या शेवटच्या कादंबरीची आवृत्ती पाचशे प्रतींची. किंमत तीनशे रुपये. मला दहा टक्के. सगळ्या प्रती विकल्या तर पंधरा हजार, तेही वर्षा-दोन वर्षांनी. कादंबरी लिहायला मला तीन वर्षं लागली. पंधरा हजार म्हणजे खुरपणाऱ्या बाईचे पन्नास रोज. आमच्याकडं सालगड्याचं साल आता लाखाच्या पुढं गेलंय, वर ज्वारी वेगळी. म्हणजे तीन वर्षं पहाटे उठून मी सालगड्याच्या दोन महिन्यांएवढंही कमावलं नाही. प्रकाशकाला मी शिव्या देत नाही, त्याचाही कागद उधारीवर असतो. पण मग कुणीतरी म्हणतं, लेखकानं पुस्तकावर नाही, कार्यक्रमांवर जगावं. चला, आता कार्यक्रमाचं बघू.

2019 चा ऑक्टोबर. विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम होती आणि परतीचा पाऊस रोज कुठंतरी पडत होता. माझं सोयाबीन कापून झालं होतं. दोन एकराची बनीम लावून वर ताडपत्री टाकली होती. दोन एकर अजून रानात आडवं पडलेलं होतं. तेवढ्यात एका शहरातून बोलावणं आलं. दिवाळी अंकाचं प्रकाशन आणि 'लेखक वाचकांच्या भेटीला'. जायला दीडशे किलोमीटर. कारभारीण म्हणाली, "आवं, आभाळ भरून आलंय. कशाला जाताव? चार दिस थांबा म्हनावं तेन्ला." मी म्हणालो, "पत्रिका छापलीय त्यांनी. माझं नाव आहे त्यात." पत्रिकेवरच्या नावाचा मोह. कबूल करतो.

दोन एसट्या बदलून गेलो. कार्यक्रम पाचचा होता. पाहुणे पुढारी पावणेसातला आले. त्यांनी पाऊण तास भाषण केलं, त्यात वाचन कसं कमी झालंय ते सांगितलं आणि दुसरा कार्यक्रम आहे म्हणून निघून गेले. त्यांच्यामागं निम्मा हॉल गेला. माझी ओळख करून देणाऱ्यानं माझ्या नावावर दुसऱ्याचीच कादंबरी खपवली. मला मिळाली बारा मिनिटं. शेवटी शाल, श्रीफळ, गुच्छ आणि काचेचं एक स्मृतिचिन्ह. गाडीभाड्याचं विचारलं तर कार्यवाह खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाकीट पोहोच करतो." ते पाकीट अजून वाटेत आहे.

त्या रात्री मुक्कामाला होतो तेव्हा आमच्याकडं पाऊस झाला. दुसऱ्या दिवशीही झाला. घरी आलो तर कारभारीण आणि धाकटी सून चिखलातून सोयाबीनचे भारे उचलून बांधावर टाकत होत्या. दोन बाया सांगितल्या होत्या, त्यांच्याही रानात तेच, त्या कुठून येणार? मी पिशवी ठेवली. ती माझ्याकडं बघून काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आठ दिवसांनी शेंगांना मोड आले. डागी माल म्हणून अडत्यानं जो भाव दिला त्यात मळणी मशीनवाल्याचं भागलं, बस्स. ते काचेचं स्मृतिचिन्ह तिनं उतरंडीमागं ठेवलंय. अजून तिथंच आहे.

पाऊस काही संस्थेनं पाडला नाही, हे मला कळतं. मी घरी असतो तरी सगळं वाचलं असतं असं नाही. पण त्या दिवशी हॉलमध्ये कुणाकुणाला पैसे मिळाले ते आठवून बघा. मंडपवाल्याला उचल दिल्याशिवाय त्यानं खांब रोवला नसता. स्पीकरवाल्याला मिळाले. फोटोवाल्याला मिळाले. जेवणवाल्याला ताटाप्रमाणं मिळाले. गुच्छ देणाऱ्या माळ्यालासुद्धा रोख मिळाले. मिळायलाच पाहिजेत, त्यांनी काम केलं. मग ज्याला ऐकायचं म्हणून हे सगळं उभं केलं, त्यानंच काय पाप केलं होतं?

ह्यावर एक शब्द काढतात. 'साहित्यसेवा'. हा शब्द आला की समजावं, पाकीट येणार नाही. डॉक्टर सेवा करतो आणि फी घेतो. मास्तर ज्ञानदान करतो आणि पगार घेतो. आम्ही शेतकरी तर जगाचे पोशिंदे. ही पदवी कानावर पडली की मी घाबरतो, कारण पाठोपाठ भाव पडतो. 2024 साली सरकारनं सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल जाहीर केला. आम्ही विकलं चार हजाराच्या आसपास. तरी तिथं निदान एक आकडा आहे. त्याच्यासाठी रस्ता अडवता येतो, कलेक्टर कचेरीपुढं बसता येतं. लेखकाच्या बारा मिनिटांना, दहा पानांना, दोन दिवस बुडालेल्या कामाला कुठला हमीभाव?

दुसरं म्हणणं असतं, "तुम्हाला प्रसिद्धी मिळते." मिळते. पण किराणा दुकानदार प्रसिद्धी वजनावर घेत नाही.

तिसरं म्हणणं मात्र खरं आहे. लहान गावातलं वाचनालय, झेडपीची शाळा, पाच पोरांनी मिळून चालवलेलं मंडळ, ह्यांच्याकडं पैसा कुठून येणार? नसतोच. तिथं मी फुकट जातो, माझ्या खर्चानं जातो आणि जात राहीन. अशाच एका तालुक्याच्या वाचनालयात अंगणवाडीत मदतनीस असलेली एक बाई मला भेटली. माझ्या कादंबरीला तिनं वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. म्हणाली, "दादा, ती काशी हिरीत जानार हे मला कळलं. म्हनून शेवटची वीस पानं म्या वाचलीच न्हाईत. माझी नणंद तशीच गेली." मी काय बोलणार? मान खाली घालून उभा राहिलो. त्या दिवशी मला शाल मिळाली नाही, चहा मिळाला. असा वाचक भेटणार असेल तर मी चालत जाईन. पण म्हणूनच सांगतो, ह्या बाईचं नाव पुढं करून माझा रोज बुडवू नका. लाखाचा मंडप घालणाऱ्यानं गरीब वाचनालयाचं कारण सांगायचं नसतं.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितली नाही तर वरचं सगळं खोटं ठरेल. आमच्या गावात शिवजयंतीचं व्याख्यान असतं. एका वर्षी मी कमिटीत होतो. नांदेडकडचा एक तरुण कवी बोलावला, मीच फोन केला. पोरगा मोटरसायकलवर नव्वद किलोमीटर आला. तासभर असा बोलला की म्हातारी माणसं उठली नाहीत. आम्ही त्याला काय दिलं? शाल आणि नारळ. डीजेला त्या वर्षी पंचवीस हजार दिले होते, त्यातले निम्मे उचल म्हणून आधी. रात्री मी त्याला वाटेला लावायला फाट्यापर्यंत गेलो. चहा पिताना तो हळूच म्हणाला, "काका, शंभर रुपये असतील का? पेट्रोल पुरणार नाही." मी दोनशे दिले आणि मनात म्हणलं, बघ, आपण किती मोठ्या मनाचे. महिनाभरानं त्यानं ते दोनशे रुपये माझ्या नातवाच्या मोबाईलवर परत पाठवले. खाली लिहिलं होतं, 'उसने घेतलेले'.

त्या रात्री झोप आली नाही. जो माझा रोज बुडवतो त्याला मी शिव्या देतो आणि माझी पाळी आली तेव्हा मीही शालच काढली. म्हणजे रोग कुणा एका कार्यवाहाचा नाही. लेखकाला पैसे द्यायचे असतात हे आमच्या डोक्यातच नाही. बैलाला पेंड लागते, मोटारीला लाईट लागते, लेखकाला काय लागतं, तर टाळ्या.

टाळ्यांवर माणूस जगत नाही ह्याचा दाखला मराठीत ढळढळीत आहे. अण्णाभाऊ साठे. शाळेचं तोंड धड न बघितलेला माणूस, 1959 साली 'फकिरा' लिहून गेला. 1969 च्या जुलैत मुंबईत हलाखीत मेला. आज दर 1 ऑगस्टला गावोगाव मिरवणुका निघतात, बॅनर लागतात, वर्गणी गोळा होते. निघाव्यात, मीही जातो. पण त्या मिरवणुकीत चालताना दरवर्षी वाटतं, ह्यातला चार आणे पैसा त्या माणसाच्या हातात जिवंतपणी पडला असता तर अजून दोन 'फकिरा' झाले नसते का?

आणि नाही म्हणणं हे उर्मटपणाचं नसतं, हेही मराठीला जुनं ठाऊक आहे. 1885 साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरणार होती. जोतीराव फुल्यांना आमंत्रण गेलं आणि त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. त्यांचं कारण मानधनाचं नव्हतं, फार मोठं होतं. जे सगळ्यांना माणूस म्हणून हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभेशी आमचा मेळ कसा बसणार, हा त्यांचा सवाल होता. माझा सवाल त्यापुढं मुंगीएवढा आहे. पण आमंत्रण आलं म्हणून जायलाच पाहिजे असं नसतं, हे त्या पत्रावरून आम्ही शिकायला पाहिजे होतं. आम्ही पत्रिकेत नाव बघतो आणि एसटी धरतो.

तेव्हा आता मी माझं ठरवलंय. आमच्या वयाच्या आणि आमच्यामागून येणाऱ्या लिहित्या पोरापोरींनीही ठरवावं. फोन आला की पहिलं विचारायचं, रोज किती आणि गाडीभाडं किती. आकडा फोनवरच सांगायचा. 'बघू', 'करू काहीतरी', 'आपलं घरचंच कार्य आहे' हे आकडे नव्हेत. पैसे उतरायच्या आधी हातात, पाकिटाचा प्रवास नको. पेरणीत आणि काढणीत बोलवायचं असेल तर रानात माझ्या जागी उभा राहणाऱ्या गड्याचा रोज वेगळा. शाल नको. शालीच्या, गुच्छाच्या आणि काचेच्या पैशात माझ्याच कादंबरीच्या दहा प्रती विकत घ्या आणि समोर बसलेल्यांत वाटा. तीन हजारांत दहा घरांत पुस्तक जाईल. दिवाळी अंकवाल्यांनी मजकूर मागताना मोबदला लिहून कळवावा. नसेल देता येत तर 'नाही' असं लिहावं. नाही म्हणणाऱ्या संपादकाला मी फुकट कथा दिलेली आहे. 'देतो' म्हणून न देणाऱ्याला इथून पुढं देणार नाही.

आणि ज्याला खरंच जमत नाही त्यानं सरळ सांगावं, आमच्याकडं पैसा नाही, वाचणारी माणसं आहेत. मी येईन. पासष्टी ओलांडली, आता एसटीत मला अर्धं तिकीट आहे.

परवा हरभऱ्याला पाणी देत होतो, फोन आला. मोठी संस्था, तीन दिवसांचा सोहळा, हॉटेलवर मुक्काम. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, रोज किती?" पलीकडं जरा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "कळवतो."

कारभारीण पाईप घेऊन उभी होती. "काय म्हनले?"

"कळवतो म्हणले."

"म्हंजे न्हाई," ती म्हणाली. "धरा हिकडून पाईप. लाईट जाईल."

मी पाईप धरला.